मथुराबाईच्या दुकानाजवळ

माझा मामा केवलराम कापगते भाषण फार छान करायचा, आणि त्याचं जे वाटोळं झालं ते भाषणानंच झालं. वाटोळं म्हणजे नोकरी गेली, घर बुडालं असलं काही नाही. नोकरी शेवटपर्यंत टिकली, पेन्शनही बसली. पण मान वर करून चालणारा माणूस मान खाली घालून चालायला लागला, आणि ते पाहायला मी घरातच होते.

मामा मूळचा साकोलीकडचा, धानाच्या शेतीतला. गावातली अर्धी माणसं भिलाईच्या कारखान्यात लागली. त्यांच्या मागे मामाही आला आणि चिकटला मात्र पोस्टात. वीसेक वर्षं पोस्टमन होता. मी कॉलेजसाठी त्याच्याकडे, टपाल खात्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्याला आणि वच्छलामामीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मामाचं कौतुक ऐकायचं काम आम्हा दोघींकडेच होतं, आणि ते काम काही हलकं नव्हतं.

त्याच्या बीटमध्ये, म्हणजे टपाल वाटायच्या हद्दीत, दोन भाग होते. एक सेक्टरातला, कारखान्याच्या आखीव वसाहतीतला. तिथे सडकेला नंबर, क्वार्टरला नंबर, फाटकाला कडी. मामाची घंटी वाजली की बायका ओट्यावर यायच्या. दिवाळीत चिवडा, उन्हाळ्यात माठातलं पाणी. एखाद्या साहेबाच्या बायकोनं बसायला खुर्ची दिली की त्या खुर्चीची गोष्ट आमच्याकडे आठवडाभर चालायची.

दुसरा भाग खुर्सीपारचा. तिथे नंबरबिंबर काही नव्हतं. कारखान्यातले आणि ठेकेदाराकडचे कामगार दाटीवाटीनं राहायचे, आज या गल्लीत तर उद्या त्या. उघडी गटारं, कुत्री, आणि एका नावाची चार चार माणसं. मामा तिथे आत शिरतच नसे. वस्तीच्या तोंडाशीच मथुराबाईचं किराणा दुकान होतं. मामा सायकलवरून न उतरता, एक पाय पायरीवर टेकवून, खुर्सीपारचा सगळा गठ्ठा तिच्या हाती द्यायचा आणि पुढे निघायचा. मथुराबाई आमच्याच भंडाऱ्याकडची. नवरा ठेकेदारीत कामाला होता, तो गेल्यावर तिनं दुकान टाकलं. ती टपाल हिंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची आणि ज्याचं त्याला द्यायची. तेल-मीठ न्यायला आलेला माणूस पत्र घेऊन जायचा, पत्र विचारायला आलेला तेल-मीठ घेऊन जायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की गावाकडून पत्र लिहिणारेही पत्त्यात सरळ लिहायचे, मथुराबाईच्या दुकानाजवळ, खुर्सीपार.

मामा हे लपवायचा असं नाही. घरी जेवताना सांगायचा, "आज खुर्सीपार पाच मिनटात निपटवलं." आम्ही हसायचो. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. सोय होती, आणि सोयीकडे कोण निरखून बघतो?

पंच्याण्णव साल असेल. टपालाचं काही काम खाजगी माणसांकडे द्यायचं, अशी चर्चा सगळीकडे सुरू झाली. कुरिअरवाल्यांच्या स्कूटर सेक्टरांतून फिरायला लागल्याच होत्या. त्यात बातमी आली की जिथे पोस्ट नाही तिथे एखाद्या दुकानदाराला परवाना देऊन तिकिटं विकायचं, रजिस्टर टपाल घ्यायचं आणि पत्रं वाटायचंही काम द्यायचा विचार आहे. पोस्टातले लोक खवळले. युनियनच्या सभा व्हायला लागल्या, आणि युनियनला अचानक शोध लागला की आपल्यात केवलराम कापगते नावाचा एक वक्ता आहे.

मामाला मग जमीन दिसेना. रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून तो भाषण घोकायचा. मी आणि मामी जनता. मुद्दे खोटे नव्हते हेही सांगते. कुरिअरवाले सेक्टरातली साय खातील आणि जंगलातल्या खेड्यांची खरवड सरकारी पोस्टाच्या ताटात ठेवतील, हे त्याचं म्हणणं मला आजही पटतं. त्याचबरोबर आमच्या पोस्टाच्या खिडकीवर माणसाला कुत्र्यासारखं हाडहूड करायचे, डिंकाची बाटली बाराही महिने वाळलेली असायची, हेही खरं होतं. पण जनतेला प्रश्न विचारायची मुभा नव्हती. टाळ्या वाजवायची तेवढी होती.

मामीनं एकदाच विचारलं, "अवो, पन दुकानदाराले देलं त बिघडते काय?"

"बिघडते काय? अवो, सरकारच्या मानसावर जबाबदारी असते. चिठ्ठी पोस्टमनच्या हातून घरच्या मानसाच्या हातात गेली पाह्यजे. मधात तिसरा हात कावून?"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मथुराबाईचा हात त्याला आठवला नाही, आम्हालाही नाही. तिघांनाही सगळं ठाऊक असून दोन गोष्टी एकमेकींशेजारी कोणी ठेवल्याच नाहीत.

खुर्सीपारच्या शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी सभा ठरली. दुर्गहून टपालाचे एक साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होते. युनियननं आपल्या बाजूनं मामाला बोलायला उभं केलं. मामानं खाकी कपडे स्वतः इस्त्री केले. मामी नवीन लुगडं नेसली. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, आणि पहिल्या रांगेत मथुराबाई बसली होती. तिनं आमच्याकडे वळून पाहिलं, हसली.

साहेबांनी आधी योजना समजावून सांगितली. मग म्हणाले, परवान्यासाठी इथून दोघांचे अर्ज आहेत. एक मोठ्या रस्त्यावरच्या फोन-बूथवाल्याचा, दुसरा मथुराबाईंचा. कामाचा अनुभव ज्याला असेल त्याला आधी धरू.

मामाला हे ठाऊक नव्हतं. तिचं नाव ऐकून तो क्षणभर गडबडला, हे मी पाहिलं. तिथेच थांबला असता, दोन शब्द बोलून खाली बसला असता, तर बरं झालं असतं. पण पाठ केलेलं भाषण पोटात होतं आणि समोर माईक होता. मामा बोलला. हिंदीत बोलला, झकास बोलला. साय आणि खरवड झाली, जंगलातली खेडी झाली. शेवटी त्यानं आवाज चढवला आणि म्हणाला, जो हात तेल मोजतो, मिरची तोलतो, त्या हातात तुमच्या आईची चिठ्ठी देणार का? तुमच्या दारात तुमचा पोस्टमन आला पाहिजे की नको?

युनियनवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मथुराबाईनं आपले हात पदराखाली घेतले. मला ते दिसलं.

टाळ्या थांबल्या तशी मागून एक बाई उठली. कडेवर पोर, काही भांडण नाही, राग नाही. खरोखर समजून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "साहब, डाकिया कौन? हमारी डाक तो मथुराबाई ही देती है. हमारे दरवाजे पे तो कभी कोई आया नहीं."

आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळं मैदान हसलं. वाईट मनानं नाही हसले. आणखी दोघंतिघं उठून सांगायला लागले की मथुराबाई फार चांगली, दुकान बंद असलं तरी मागच्या दारानं पत्र देते, तिलाच परवाना द्या. ते तिची स्तुती करत होते आणि प्रत्येक शब्द मामाच्या तोंडावर चिखलासारखा बसत होता. युनियनचा सेक्रेटरी ओमप्रकाश चप्पल बघत बसला. मला वाटलं, उठावं आणि तोंड लपवून घरी पळावं. हा माणूस माझा कोणी लागत नाही असं सांगावं, इतकी मला त्याची लाज वाटली.

साहेबांनी मामाला सोडून मथुराबाईला विचारलं, टपाल तुम्ही वाटता? तुमच्याकडे कोण देतं?

तिच्या एका होकारावर परवाना तिचा होता. एवढी वर्षं फुकट केलेल्या कामाचं चीज होणार होतं, आणि साक्षीला अख्खं मैदान उभं होतं. मथुराबाई उठली. मामाकडे तिनं पाहिलंही नाही. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली, नाही साहेब, लोक उगाच म्हणतात. पोस्टमनभाऊ घरोघर जातात. ड्यूटीवर गेलेल्याचं एखादं पत्र तेवढं माझ्याकडे ठेवतात, शेजारधर्म म्हणून.

साहेब मामाकडे वळले. "क्यों कापगते, आप घर-घर जाते हैं न?"

मामाच्या हातात अजून माईक होता. त्यामुळे त्याचं उत्तर सगळ्या खुर्सीपारनं ऐकलं.

"जी साहब."

ते दोन शब्द मी विसरू शकत नाही. भाषणात चूक झाली, भानावर नव्हता, असं म्हणता येतं. इथे मात्र तो पूर्ण भानावर होता. जिला भर सभेत मिरची तोलणारी म्हटलं, तिच्याच पदराआड जाऊन तो उभा राहिला.

परत येताना मामा सायकल हातात धरून चालत होता, बसला नाही. मामी पुढे, मी मागे. रस्त्यात तो म्हणाला, "बाई खोटं बोलली न माह्यासाठी."

मामी थांबली नाही. "तुमी बी त बोलले," एवढंच म्हणाली. ती आयुष्यभर त्याला उलटून काही बोलली नव्हती.

परवाना फोन-बूथवाल्याला मिळाला. त्याला अनुभव नव्हता, पण कागदोपत्री तो मथुराबाईलाही नव्हता. मामा एकदा रजा टाकून दुर्गला गेला, साहेबांना खरं काय ते सांगायला. कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि परत आला. मामीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "नाई जमलं मले." निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. भीती मला समजते. पण ती भीती तो स्वतःला माफ करायला तयार नव्हता. त्यानं जेवण कमी केलं, युनियनचं नाव सोडलं, खुर्चीच्या गोष्टी बंद झाल्या. साहेबांच्या बायका बसा म्हणाल्या तरी बसेनासा झाला.

एक मात्र केलं. सभेनंतरच्या सोमवारपासूनच तो खुर्सीपारच्या गल्ल्यांत शिरला. सायकल मथुराबाईच्या दुकानाशी लावायचा आणि पायी फिरायचा. लोकांना तो नकोच होता. कोणी विचारायचं, कसली वसुली आहे? एका घरात म्हाताऱ्यानं पोलीस समजून दारच लावून घेतलं. आणि बहुतेक ठिकाणी बायका आतूनच ओरडायच्या, "भैया, मथुराबाई के यहाँ रख दो, हम ले लेंगे." मामा दारात पत्र धरून उभा राहायचा, बाई बाहेर येईपर्यंत. हे तो घरी सांगायचा तेव्हा आम्ही हसत नव्हतो.

मथुराबाईच्या दुकानावर माणसं कमी झाली. टपाल नसल्यामुळे कोणी सहज डोकावेना. म्हणजे मामानं प्रायश्चित्त केलं तेही तिच्याच मुळावर आलं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो तिच्याकडे गेला. मी बरोबर होते.

"बाई, माह्या पायी तुमचं लय नुकसान झालं," तो म्हणाला. "तुमी खरं कावून नाई सांगतलं?"

ती हरभऱ्याची डाळ पाखडत होती. "तुमची पेन्शन होती न भाऊ," ती म्हणाली. "आन् जाऊ द्या, झालं ते झालं." तिनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला. मामालाही दिला. त्यानं तो खाल्ला नाही, रुमालात बांधून घेतला.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. गावी जाऊ, असं मामी म्हणत होती. मामानं खुर्सीपारच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तेव्हा माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले होते. पत्ता विचारला तर मामानं सांगितलं, "लिही, केवलराम कापगते, मथुराबाईच्या दुकानाजवळ, खुर्सीपार. पोचते."

पोचत होतं. मामाच्या जागी आलेला नवा पोस्टमन पहिले काही दिवस गल्लीत शिरला, मग त्यानंही पायरीवर एक पाय टेकवून गठ्ठा द्यायला सुरुवात केली. हिंगाचा डबा पुन्हा भरायला लागला. बूथवाला तिकिटं तेवढी विकायचा; टपाल वाटायला तो कधी निघालाच नव्हता, त्याला फोनमध्ये जास्त मिळायचं. मामाला नव्या पोस्टमनला दोन शब्द सांगता आले असते. त्यानं नाही सांगितले. कोणत्या तोंडानं सांगणार?

उन्हाळ्यात मी भेटायला गेले तेव्हा मामाबरोबर दुकानापर्यंत चालत गेले. गिऱ्हाईक होतं, म्हणून तो बाजूला उन्हात थांबला. सगळे गेल्यावर पुढे झाला आणि विचारलं, "बाई, माह्यं काई आलं काय?" मथुराबाईनं डब्यातून एक कार्ड काढून दिलं. कार्डाला हिंगाचा वास येत होता.

"भाऊ, या उन्हात तुमी कायले येता?" ती म्हणाली. "दुपारी दुकान बंद केल्यावर मीच घरी आनून देत जाईन. चार दारं तर सोडून रायता."

मामानं कार्ड खिशात घातलं. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

"नका येऊ, बाई," तो म्हणाला. "दारापर्यंत यायचं काम माह्यं होतं."