दोनशेपैकी पाच हजार

"बाई, हितली पोरं काय पोत्यानं मार्क आणत्यात का?"

कर्जतकडून आलेले एक वडील मला विचारत होते. त्यांची मुलगी वैशाली शेजारी अर्ज धरून रडवेली उभी होती.

मी श्रीरामपूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिपाई होते. शिक्षण चौथी आणि नोकरीही चतुर्थ श्रेणी. पाणी द्यायचं, घंटा वाजवायची, बोर्डावर कागद चिकटवायचे. फारसं बोलावं लागत नसे, म्हणून मला ती नोकरी आवडायची.

त्या वर्षी सीईटी नवीन निघाली होती. सगळ्यांना एकच परीक्षा, मार्क दोनशेपैकी. कोणत्या कॉलेजात पहिल्या फेरीत शेवटचा प्रवेश कितीवर झाला, त्याला कट-ऑफ म्हणायचे. पालक तो पाहून कॉलेजं ताडून बघायचे आणि दुसऱ्या फेरीच्या अर्जात नावं लिहायचे. अर्ज त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत द्यायचा होता.

आमच्या हेडक्लार्कनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, तीन कॉलेजांचे कट-ऑफ दोन कागदांवर टाइप केले होते. मी ते सकाळी खळ लावून एकाखाली एक चिकटवले. दुपारी भाऊसाहेब जेवायला घरी गेले. बोर्डावर आता दिसत होतं : पहिलं कॉलेज १६८, दुसरं १७१, तिसरं, म्हणजे आमचं, ५२१२.

"वैशाले, तुला एकशेबावन्न," वडील म्हणाले. "हितं आपला निभाव न्हाई लागायचा. ह्या कालेजाचं नाव खोड."

"अप्पा, दोनशेपैकी पाच हजार कसे पडतील? चुकलंय काहीतरी."

"कालेज चुकंल व्हय? तू लई शानी!"

भोवती गर्दी जमली. एकजण म्हणाला, इथं तोंडी परीक्षेचे वेगळे मार्क देत असतील. एका म्हाताऱ्यांनी तर डोक्यावरची टोपी काढली. तेवढ्यात प्राचार्य सर बाहेर आले. आपल्या कॉलेजच्या नावापुढे एवढी माणसं बघून ते खूश झाले. बोर्ड त्यांनी वाचला नाही.

"सर, एवढी हुशार पोरं सांभाळता कशी?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"शिस्त," सर म्हणाले.

मला सकाळचं आठवलं. दुसरा कागद बोर्डात मावेना, म्हणून मी त्याची वरची पट्टी कात्रीनं कापली होती. मी कचऱ्याच्या टोपलीतून ती पट्टी काढली आणि अक्षर अक्षर लावून वाचली. 'खालील आकडा मार्कांचा नसून मेरिट नंबरचा आहे.'

इकडे अप्पांनी मुलीच्या हातातून पेन घेतलं होतं. "उरलेल्या दोन्हीत लागला नंबर तर लागला. न्हाईतर गप घरी चल." एकशेबावन्नला त्या दोन्हीत काही मिळणार नव्हतं, एवढं मलाही कळत होतं.

"भाऊ, थांबा!"

मी एवढ्यांदा ओरडले की सगळे वळले. सरसुद्धा. पण आता थांबता येत नव्हतं.

"ते मार्क नाहीत, नंबर आहे. परीक्षेत पहिला आला त्याचा एक, दुसऱ्याचा दोन, असा. रॉकेलच्या रांगेत तुमचा नंबर पाच हजार दोनशे बारा आला तर?"

"टिपूस न्हाई मिळायचा."

"आमच्याकडं त्या नंबरालासुद्धा सीट मिळालीय. ताई, तुझा मेरिट नंबर किती?"

"चार हजार आठशे सहा," वैशाली म्हणाली.

"मग तू त्याच्या पुढं उभी आहेस."

अप्पांनी बोर्डावरचे तिन्ही आकडे बोट लावून पुन्हा वाचले. मग त्यांचा चेहरा फुलला. "म्हंजे तिन्हीत हे सगळ्यात खालचं कालेज हाय व्हय!"

"हो," मी म्हणाले. आवाज अजून मोठाच होता.

म्हाताऱ्यांनी टोपी घातली. सर केबिनमध्ये गेले.

वैशालीनं आमचं नाव सगळ्यात वर लिहिलं आणि पाचच्या आत अर्ज दिला. दुसऱ्या फेरीत तिला सीट मिळाली. अप्पा पेढे घेऊन आले आणि सरांना म्हणाले, "खालचं हाय म्हनून बरं झालं बगा."

ते गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "बाई, खरं सांगितलंत ते ठीक. पण आधी आत येऊन मला सांगायचं होतं."

मी मान हलवली. मथळा वाचल्याशिवाय कागद कापायचा नाही, एवढं मी शिकले. पण सरांचं म्हणणं काही पटलं नाही. केबिनचं दार लोटून, "सर, येऊ का?" म्हणायलाच मला पाच मिनिटं लागायची. तेवढ्यात वैशालीचं कॉलेज खोडून झालं असतं.