पाचव्या घराचा पाव

आमच्या वस्तीत दगडी घरं अकरा आणि चुली पेटतात चारच. एक ओदिलची, एक माझी, आणि समोरासमोर राहून वीस वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोघी बहिणींच्या दोन. पाववाल्यानं बजावलं होतं, "पाच घरं घेत असतील तर येईन, नाहीतर नाताळनंतर गाडी बंद." ओदिलनं ते जिवाला लावून घेतलं. पाव काय, ती घरीही भाजेल हो! पण त्याच्या गाडीचा भोंगा वाजला की आम्ही चौघं रस्त्यावर येतो, दिवसभरात तेवढंच माणसाचं तोंड दिसतं. ते गेलं तर उरलं काय?

रिकाम्या घरांच्या किल्ल्या ओदिलकडेच. मालक शहरात. पॅरिसचं जोडपं तिच्या शेजारचं घर बघायला येणार असं कळलं, आणि बाईच्या अंगात आलं. वस्ती भरलेली दिसायला हवी म्हणून तिनं सहा रिकाम्या घरांत चुली पेटवल्या. माझे बनियन चार दारांपुढच्या दोऱ्यांवर वाळत घातले. मला न विचारता!

"आन्सेल्म, टोपी घातलीस की तू गुराखी. टोपी काढलीस की पोस्टमास्तर. मग माझ्या नवऱ्याचा कोट चढव आणि लंगडत ये."

"अगं, तो जाऊन नऊ वर्षं झाली!"

"म्हणूनच कोट रिकामा आहे. बोलू नकोस, चाल."

चाललो. त्या जोडप्यातली बेरेनिस नावाची बाई अंगणातल्या जुन्या भट्टीच्या दगडांवरून हात फिरवत होती, डोळ्यांत पाणी. मी तिसऱ्यांदा, लंगडत, गेलो तेव्हा तिचा चेहरा पडला.

"घर फार सुंदर आहे हो," ती म्हणाली, "पण इथे केवढी गर्दी! आम्हाला एकांत हवाय."

ओदिल क्षणभर पांढरीफटक पडली. पण हार मानेल ती ओदिल कसली!

"गर्दी? कसली गर्दी, बाई! तो धूर दिसतोय ना, ती मंडळी चालली लेकीकडे, कायमची. पलीकडचेही निघालेत."

"आणि हे?" बेरेनिसनं माझ्याकडे बोट दाखवलं.

ओदिलनं उसासा टाकला. "याचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत."

भवाने, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पाव मलाही लागतो. मी खोकलो.

त्यांनी घर घेतलं. डिसेंबरात राहायला आले. दुसऱ्या सकाळी भोंगा वाजताच ओदिल नवा एप्रन बांधून त्यांच्या दारात. नवरा म्हणाला, "पाव? छे! आम्हा दोघांनाही गहू चालत नाही."

घ्या! जिच्यासाठी मी मरायला टेकलो, तिला पावच चालत नाही.

ओदिल परत आली आणि पाववाल्याला म्हणाली, "लाजतात हो नवे लोक. त्यांचा माझ्याकडे द्या." तेव्हापासून पाचवा पाव माझ्या कोंबड्या खातात. त्या इतक्या माजल्यात की अंडी द्यायला विसरल्यात. आणि बेरेनिस खिडकीत दिसली की मला आजही खोकावं लागतं.

फेब्रुवारीत एका सकाळी भोंगा वाजला आणि बेरेनिस आपणहून बाहेर आली. पिशवी नाही, काही नाही. येऊन माझ्या मागे रांगेत उभी राहिली.

"काय हवंय, बाई?" ओदिलनं विचारलं.

"काही नको." ती म्हणाली. "दहा दिवस झाले, यांच्याशिवाय कुणाशी बोलले नाही मी."

ओदिलनं पाचवा पाव तिच्या काखेत खुपसला.

"मग हा नीट धर, पोरी. पाववाला बघतोय."