नायनरवाले मामाजी

आकडा कसा उच्चारावा हे अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकाच माणसाला कळत होतं, ते म्हणजे माझे मामेसासरे. असं त्यांचंच मत होतं आणि त्यात बदल करण्याची कुणाची छाती नव्हती. हवाईदलात बिनतारी यंत्रावर वैमानिकांशी बोलण्यात उमेदीची वर्षं घालवून सत्तरच्या दशकात ते अड्याळला परतले, तेव्हा ट्रंकेत दोन गणवेश होते आणि जिभेवर तिकडचे आकडे. थ्रीला ते ‘ट्री’ म्हणत, फाइव्हला ‘फाइफ’ आणि नाइनला ‘नायनर’. बिनतारीच्या खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच वाटतात, म्हणून नाइनला शेपूट, असं ते शेजारच्या म्हातारीलाही समजावत. मराठी आकड्यांचीही सुटका नव्हती. मी ‘पंचवीस’ म्हटलं की लगेच, “सूनबाई, आकडा काहून गिळून राहिली? दोन, पाच. अलग अलग म्हण.” शिवाय सांगितलेलं समोरच्यानं परत म्हणून दाखवायचं. लग्नघरी त्यांनी भटजींकडून मुहूर्त तीनदा म्हणवून घेतला, तेवढ्यात तो टळत आला होता. बाजारात वांगेवाली मुद्दाम ओरडायची, “बाबूजी, दोन किलो देऊ, का दोन-शून्य-शून्य-शून्य ग्राम देऊ जी?” मामाजी गंभीरपणे म्हणत, “शाबास! तुले समजलं.”

मला त्यांची लाज वाटायची. लपवण्यात अर्थ नाही.

माझी लेक वर्षाची असताना तापानं फणफणली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेली औषधाची बाटली घरात होती, पण तिच्यावरची चिठ्ठी भिजून पुसली गेलेली. नवरा दौऱ्यावर. पोरीला खांद्यावर टाकून मी मामाजींबरोबर पोस्टात गेले. तासाभरानं ट्रंककॉल लागला. मामाजींनी पोरीचं नाव, वय, वजन सांगितलं. डॉक्टरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. “साडेसात मिली द्या, दिवसातून चारदा.”

“परत म्हणतो,” मामाजी सुरू झाले. “मुलगी एक वर्षाची. वजन आठ किलो. औषध सात डेसिमल पाच मिली...”

“अहो, कळलं ना? माझ्यासमोर पेशंट आहेत!”

मी मामाजींची बाही ओढली. “मामाजी, पुरे न आता! लाइन कटंल.”

“थांब,” ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून, त्याच संथ आवाजात, “मुलगी एक वर्षाची. वजन आठ किलो. औषध सात डेसिमल पाच...”

पलीकडून डॉक्टर एकदम म्हणाले, “थांबा, थांबा. साडेसात नाही. ते मी समोरच्या मोठ्या मुलाचं सांगितलं. तुमच्या पोरीला अडीच.”

“दोन डेसिमल पाच,” मामाजी म्हणाले. “बरोबर?”

“बरोबर.”

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. “आता तू म्हण.” मी म्हटलं. एकेक आकडा सुटा, सगळं पोस्ट ऐकत असताना. त्यांनी पोरीला माझ्याकडून घेतलं आणि घराकडे चालू लागले. मी आभार मानले नाहीत. तेव्हा सुचलं नाही, नंतर राहून गेलं.

तीच लेक आता परगावाहून रोज फोन करते. आवाज इतका लख्ख येतो, की काही परत म्हणावंच लागत नाही. मामाजींना अशा फोनवर मुळीच करमलं नसतं.