बायकांच्या बाजूचा हिरो

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना सिनेमा कळायला लागला. त्याआधी तो आम्हा सगळ्यांनाच कळत होता.

झालं असं, की त्यांनी दोन दिवसांचं चित्रपट रसग्रहण शिबिर केलं. जाताना साधे गेले, येताना मान तिरकी करून बघायला शिकून आले. भावानं पुण्याहून एक छोटा प्रोजेक्टर पाठवला आणि सिडकोतल्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी वर्ग सुरू झाला. मी गारखेड्याहून स्कूटरवर यायची. काही शिकायला नव्हे, आईबाबांची जुगलबंदी ऐकायला. हॉलची भिंत आईच्या आवडीची पोपटी, तिच्यावर सगळे नट काविळीनं आजारी दिसायचे. म्हणून हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या कमानीत एक पातळ पांढरी चादर बांधली. तोच आमचा पडदा.

नेम असा होता, की एका रविवारी एक दशक. बाबा रिमोट घेऊन बसायचे आणि ऐन रंगात सिनेमा थांबवायचे.

"आता ही सावली बघा. काय बोलते ही सावली?"

आई मेथी निवडता निवडता म्हणायची, "बघितली सावली. आता पुढं चालवा, ती बाई मघापासून जिन्यात उभी हाय."

सत्तरच्या दशकातल्या नायकाचा संताप म्हणजे काळाचा हुंकार आहे, असं बाबांनी आम्हाला समजावलं. आईनं एवढंच विचारलं, की त्याची आई पहिल्यापासून खोकतीय, तर हुंकार देण्याऐवजी हा तिला अडुळशाचा काढा का करून देत नाय? ऐंशीच्या दशकातले कपडे बघून ती इतकी हसली की बाबांना वर्ग सोडून द्यावा लागला. नव्वदच्या दशकात एका लग्नाच्या प्रसंगाला बाबांचा डोळा लागला. उठले तेव्हा तेच लग्न चालू होतं.

मग आईनं आपला सिनेमा मागितला.

हा सिनेमा म्हणजे आमच्या घरातलं जुनं दुखणं. आई देवगाव रंगारीची. बाबांचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एकाच जत्रेत, एकाच तंबूत, दोघांनी एकच मराठी सिनेमा पाहिला होता. तेव्हा ओळख नव्हती, म्हणून भांडण नव्हतं. लग्न झाल्यावर ते सुरू झालं.

आई म्हणायची, त्यातला हिरो डावरा होता. बाबा म्हणायचे, छे! आई म्हणायची, सुरुवातीची नावं उर्दूत होती, शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. बाबा कपाळाला हात लावायचे. "मराठी सिनेमाची नावं उर्दूत कशाला असतील?"

माझी आई डावरी. लहानपणी ताटाला डावा हात लागला, की तिची आई त्यावर उलथनं मारायची. गावात म्हणायचे, ही पोर डाव्या हातानं जेवते, हिला कोण करून घेणार? आणि अशात तंबूत एवढा देखणा, एवढा मोठा हिरो शेताच्या बांधावर बसला आणि डाव्या हातानं भाकरी मोडून खाऊ लागला. दुसऱ्या दिवशी आई ताटावर बसली ती डावा हात पुढं करूनच. "हिरो जेवतो, मग मी का नाय?" उलथनं पुन्हा बसलं, पण तिनं हात मागं घेतला नाही. आजही ती जेवते, लिहिते, पोळ्या लाटते, सगळं डाव्या हातानं. वर्षानुवर्षं तिच्या बाजूनं उभा राहिलेला असा तो एकच माणूस होता, आणि बाबा त्याचा हात बदलायला निघाले होते.

कुणा भल्या माणसानं तो सिनेमा इंटरनेटवर टाकलेला मला सापडला. बाबांनी लगेच शर्त लावली. जो हरेल त्यानं यापुढं सिनेमा चालू असताना तोंड उघडायचं नाही. आई म्हणाली, "लई बरं होईल घराचं."

रविवारी खिडक्यांचे पडदे ओढून सिनेमा लावला. नावं आली. स्वच्छ मराठीत.

"ही बघ तुझी उर्दू," बाबा म्हणाले.

बांधाचा प्रसंग आला. हिरोनं फडकं सोडलं, भाकरी काढली आणि उजव्या हातानं मोडून खाऊ लागला. बाबांनी सिनेमा थांबवला नाही. त्यांना फक्त हसू आवरत नव्हतं.

"हा तो नाय," आई हळूच म्हणाली. "दुसरा कुणी असंल." मग "चहा टाकते" म्हणून चादरीखालून वाकून स्वयंपाकघरात गेली. मला तिचं फार वाईट वाटलं. बाबांच्या हसण्याचा रागही आला. पुढची शर्त मी लावीन तेव्हा बघते, असं मी मनात ठरवून टाकलं.

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली.

"अहो! डावराच हाय की!"

बाबा माझ्याकडं बघून कुजबुजले, "मनाला लागलं बिचारीच्या."

मी चादरीखालून पलीकडं गेले. आई चहाचा डबा घेऊन उभी होती. पातळ चादरीतून सिनेमा आरपार दिसत होता, आणि हिरो डाव्या हातानं घास घेत होता. मी बाबांना ओरडून सिनेमा सुरुवातीला न्यायला लावला. नावं उलटी, उजवीकडून डावीकडं आली.

"हीच ती उर्दू!" आई म्हणाली.

"आई, तंबूत तू बसली होतीस कुठं?"

"बायका बसतात तिथंच की. पडद्याच्या पल्याड. मशीन गडीमाणसांच्या बाजूला असायचं."

इतकी वर्षं हे तिनं सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आणि बायकांची बाजू म्हणजे मागची बाजू, हे बाबांच्या तिरक्या मानेत कधी आलं नाही.

तेही वाकून आत आले. क्षणभर बघितलं आणि त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. "म्हणजे तू उलटा सिनेमा पाहिलास. तो डावरा नव्हता. सिद्ध झालं."

आई शांतपणे म्हणाली, "तुमचा नसंल. आम्हा बायकांचा हिरो डावराच होता. तंबूत आमच्याकडं आणखी एक डावरी पोर होती, तिनंबी बघितला."

यावर बाबांनी रिमोट दाबून सिनेमा पुढं पळवला. सिनेमा पुन्हा बांधावर आला. हिरोनं दुसरी भाकरी काढली, डाव्या हातानं मोडली. बाबांनी मान सरळ ठेवून बघितलं.

"व्हय," ते म्हणाले, "डावराच आहे."

मग बसायला जागा शोधू लागले.

"ही बायकांची बाजू हाय," आई म्हणाली, आणि मेथीची टोपली सरकवून तिनं त्यांना जागा करून दिली. शर्त जिंकलेले बाबा सिनेमा संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.