दाबलेलं बटन

"चार्ली पार्टी, चार्ली पार्टी, अल्फा बोल रही हूँ, आवाज आ रही है क्या, नाले में मत उतरना, पानी आ रहा है, जवाब दो, जवाब दो ना भाऊ..." मी नुसती बोलत सुटले होते. दुपारचे ३ वाजून ५२ मिनिटं. माइकचं बटन माझ्या अंगठ्याखाली होतं आणि ते मी सोडतच नव्हते.

मी धरणगावची. दहावी झाले, तीही दुसऱ्या खेपेला. पळण्यात पहिली आले म्हणून दलात शिपाई लागले. डोंगरातल्या बॉर्डरवर अल्फा पोस्ट, तिथं थोडा कोर्स करून मला वायरलेस सेटवर बसवलं. काम एकच. दर तासाला वरच्या ब्राव्हो पोस्टला आणि बाहेर गस्तीला गेलेल्या चार्ली पार्टीला विचारायचं, ठीक है? मग टाइम टाकून लॉगबुकात लिहायचं.

हवालदार रमण भाऊ दोंडाईचाचे. लंगरच्या, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरातल्या, डाळीवर घरची मिरचीची पूड टाकायचे, थोडी माझ्या थाळीत पण. मी रडायला लागले की म्हणायचे, "धरणगावनी ना तू? मिरची लागनी का घर लागनं?" सेट मला त्यांनीच समजावला. कोर्समधलं हिंदी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. भाऊ म्हणाले, "बटन दाबं का तोंड उघडं, कान बंद. दोन्ही एकदम नही. बोल, ओव्हर म्हन, सोड. मंग आयक." फोनवर दोन माणसं एकदम भांडू शकतात, सेटवर नाही, एवढं मला कळलं. कळलं होतं हो.

त्या दिवशी ३:५० ला ब्राव्होच्या सेटवर बसणाऱ्या जसबीरचा मेसेज आला. "ऊपर बादल फटा है. नाला दस मिनट में भरेगा." भाऊ चार्ली पार्टीच्या तिघा जवानांना घेऊन त्याच नाल्यावर गेलेले. त्यांना बाहेर काढायला रस्सीवाले जवान गेटवर उभे. पोस्ट कमांडर साहेब माझ्या पाठीशी. "पूछो, किस किनारे पर हैं?" मी विचारलं, बटन सोडलं, एक सेकंद काहीच आलं नाही. एकच सेकंद. मी परत दाबलं, ते दाबलंच.

साहेब किती थांबणार? त्यांनी रस्सी उजव्या किनाऱ्याला पाठवली, ती वाट जवळची. ३:५४ ला घामानं माइक हातातून निसटला तेव्हा सेटमधून जसबीर किंचाळत होती. "अल्फा, बटन छोड़! बायाँ किनारा! रस्सी बाएँ भेजो!"

दोन मिनिटं भाऊ तेच सांगत होते, बायाँ किनारा. ब्राव्हो त्यांच्या डोक्यावरच, म्हणून तिला ऐकू गेलं. ती मला ओरडून सांगत होती, पण माझा कान मीच बंद केलेला.

"चार्ली, बोलो, ओव्हर." आता मी सोडलं. खरखर आली. नुसती खरखर.

माघारी फिरवलेली रस्सी पूल ओलांडून डाव्या किनाऱ्याला पोचली ४:३१ ला. तिघं झाडाला धरून होते. भाऊंनी त्यांना वर ढकललं आणि स्वतः पाण्यात राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. सेट खांद्याला बांधलेलाच होता.

चौकशीत विचारलं, "सेट चालू था?" मी म्हटलं, "जी साहब." बटनाचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जसबीरच्या लॉगमध्ये 'आवाज कटी-फटी' एवढंच होतं. ते तिनं मला वाचवायला लिहिलं, हे तिला आणि मला माहीत. मग मी नोकरी सोडली.

आता पाचोऱ्याला सासरी आहे. बाळ आठ महिन्यांचं. आईला फोन लावला की मी अजून बोलून ओव्हर म्हणते, थांबते, ती बोलली की मगच बोलते. सासूबाई म्हणतात, "घरातबी ओव्हर-ओव्हर! फोन शे का वायरलेस?" बाळ रडलं की मी आधी गप्प होते. बाकीच्या बाया अले-अले करतात. मला बटनावरचा माझा अंगठा दिसतो.

आज सकाळी दोंडाईचाहून वहिनींचा फोन आला, भाऊंच्या बायकोचा. रविवारी बाळाला बघायला येतायत. झबलं शिवलंय म्हणाल्या, मिरचीची पूडपण आणतायत, तुला आवडायची ना म्हणे. मग आवाज बारीक केला.

"बहीण, सेटवर तू व्हतीस. तुना भाऊ शेवटले काय बोलना? माले कोनी सांगत नही."

आणि त्या थांबल्या. आता बोलायचं मला होतं. फोन कानाला, बाळ मांडीवर, अंगठा पांढरा पडलेला. मी म्हटलं, "रविवारी सांगते, वहिनी."

भाऊ जे बोलले ते मी ऐकलंच नाही, आणि का नाही ऐकलं ते फक्त जसबीरला आणि मला माहीत. झबलं घेऊन त्या दारात उभ्या राहतील. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?