अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळणारं पाणी

औषधांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं सायंटिस्ट होते. आता औरादच्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. कारखाना आमच्याच जिल्ह्यातला, घरापासून दीड तासावर, तरी माझ्या वडिलांना, अप्पांना, ती नोकरी परदेशातली वाटायची. मी सोडून आले तेव्हा आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची सायंटिस्ट आता खडू झाडायलीय बघा!" मग आत येऊन हळूच विचारायचे, "कामून सोडलीस गं? कुणी काई बोललं का?"

कुणी काही बोललं असतं तर सांगितलं तरी असतं. झालं होतं ते एवढंच. एकदा एका गोळीच्या तपासणीत आकडा जरा कमी आला. साहेब खुर्चीमागं येऊन उभे राहिले, म्हणाले, "परत बघा, बरोबर येईल." परत बघितलं, तोच आला. साहेब हलेनात. शेवटी मीच म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते, सर." त्यांनी सांगितलेला आकडा लिहिला, खाली सही केली. माल गेला. पुढं त्याचं काही ऐकू आलं नाही. मी घरी येऊन गरम भाकरी खाल्ली आणि झोपले.

त्यानंतर सही करताना आकड्याकडं बघणंच सुटलं. हात आपला आपण सही करायचा. लाज वाटायला हवी होती, ती वाटेना. स्वतःचा राग यावा, तोही येईना. दात काढल्यावर गाल कसा बधिर होतो, तसं आतून झालं होतं, फक्त ते बधिरपण उतरत नव्हतं. दिसलं ते लिहिता येईल अशी एक तरी जागा असावी, एवढ्यासाठी चाळिशीत पोरीसोरींच्या रांगेत बसून बी.एड. केलं आणि शाळेत आले.

वाटलं होतं, पोरांत गेल्यावर बरं वाटेल. कुठलं काय! घंटा झाली की वर्गात जायचं, घंटा झाली की बाहेर यायचं. पोरं हसली की मीही हसायचे, पण थोडं उशिरा. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही ऐकायलाव का नुसतं मान हलवायलाव?" मी मान हलवायचे.

कारखान्यातला एक नियम मात्र मी सोबत आणला होता. चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, गिरगटायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आणि ज्यानं चूक केली त्यानंच तिथं सही करायची. वर्गात खोडरबर दिसला की माझं टाळकं फिरायचं. दोन-चार मी खिडकीतून बाहेरसुद्धा फेकले. तेवढ्यापुरती मी जागी असायचे, असं आता वाटतं.

नववीला पाणी उकळायचा प्रयोग होता. दुपारच्या जेवणाच्या खोलीतून छोटी शेगडी आणली, पातेलं चढवलं, पोरांना गटागटानं तापमापी बघायला लावली. दोन दिवसांनी प्रयोगवह्या आल्या. थोरल्या भावाबहिणींच्या जुन्या वह्या घरात असतातच, त्यामुळं सगळ्यांचं उत्तर एकच, शंभर अंश. मी लाल पेननं बरोबरच्या खुणा करत सुटले. मध्येच एका वहीत अठ्ठ्याण्णव आलं. हातानं त्याला गोल केला, शेजारी शंभर लिहिलं आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पोरगी आली. तिच्या बापाचा बाजारात भांड्यांचा गाळा आहे. वर्गात तोंड उघडत नाही, पण वही नीट असते. तिनं पान उघडून माझ्यापुढं धरलं. अठ्ठ्याण्णववर एकच सरळ रेघ. शेजारी शंभर. त्याच्या बाजूला तिची सही, अगदी मी शिकवली तशी.

"बरोबर केलंय ना, मॅडम?" ती म्हणाली. "मी तीनदा बघितल्तं. माझेच डोळे चुकले असतील."

मी त्या पानाकडं बघत राहिले. आमचं गाव वर पठारावर. इथं हवेचा दाब कमी, पाणी शंभराच्या आधीच उकळतं. हे मला माहीत नव्हतं? चौदा वर्षं मी काय शेंगा सोलत होते? साठ पोरांत एकटीनं खरं बघितलं होतं, आणि मीच तिला ते कापायला लावलं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

"मग कोणतं लिहू, मॅडम?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते लिहिते."

मी ताडकन उठले. तिला प्रयोगाच्या खोलीत नेलं, पातेलं चढवलं. पाणी खळखळायला लागल्यावर तापमापी तिच्या हातात दिली. "बघ आणि सांग."

तिनं पाऱ्याकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. परत पाऱ्याकडं, परत माझ्याकडं. माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते ती वाचत होती. मी पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

मागं पाणी खळखळत होतं.

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

मी भिंतीकडंच बघत राहिले.

"अठ्ठ्याण्णवच हाय की, मॅडम!" या खेपेला जरा चिडून.

"व्हय," मी म्हणाले. "माझं चुकलं. तुझं बरोबर होतं."

तिनं वही घेतली, शंभरावर एक रेघ मारली, शेजारी अठ्ठ्याण्णव लिहिलं. सही करायला पेन टेकवला आणि थांबली. थोडा वेळ विचार करून तिनं वही फिरवली आणि पेन माझ्याकडं केला.

"ही चूक तुमची हाय ना, मॅडम? मग सही तुम्ही करायची."

मी आधी आकडा वाचला. मग सही केली. ती जरा वाकडी आली.