माड कुठं जातोय?

आमच्या व्यायामशाळेचा सगळा कारभार आगबोटीवर चालायचा. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी उतरले की वर्गणी जमायची आणि मल्लखांब शिकवायला वस्ताद ठेवायचा. पाऊस सुरू व्हायच्या आत वर्गणी आटायची आणि वस्ताद आपल्या गावी निघून जायचा. चिटणीस मी होतो, म्हणून बोलणीही मीच खायचो.

एका संध्याकाळी खाडीपलीकडच्या भाट्ये गावाहून होडीतून आलेला एक म्हातारा मैदानाच्या कडेला माडाची रोपं लावताना दिसला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काळी टोपी मात्र नीट बसवलेली. रोपाभोवतीची माती तो टाचेनं दाबायचा आणि मग रोपाला लहान मुलासारखं थोपटायचा.

"अहो, कुणाला विचारून?" मी तडकलो. "पोरं खेळतात इथं. उद्या नारळ डोक्यात पडला म्हणजे?"

"नारळाला डोळे असतात. बघून पडतो तो." मग वर न बघताच म्हणाला, "चाकरमानी जातो मुंबैला. माड कुठं जातोय?"

पुढे दर उन्हाळ्यात तो पाणी घालायला यायचा. हळूहळू मीही कळशी उचलू लागलो. नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि एका वर्षी तो यायचा थांबला.

माड धरले तेव्हा नारळांच्या उत्पन्नावर आम्ही वस्ताद बारमाही ठेवला. पहिला नारळ मल्लखांबापाशी वाढवताना देवाला गाऱ्हाणं घालणारे गावातले एक आजोबा अडले. नाव कुणाचं घ्यायचं? शेवटी म्हणाले, "ज्यानं हे माड लावले, तो असेल तिथं त्याला सुखी ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.